नलूमावशींची भैरवी

बारा वर्षं एकाच भजनी मंडळात काढली की पाठांतरापेक्षा किस्सेच जास्त साठतात. माझे सगळे एकाच बाईचे, काय करणार!

बाई म्हणजे नलूमावशी. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर नामपूरचं, गाण्याचं शिक्षण शून्य, आवाज घोगरा. मी विशारद. पण आमच्या मंडळाचा नियम असा, की शेवटची भैरवी वयानं सगळ्यांत मोठी असेल तिनंच म्हणायची. बारा वर्षं मला ती भैरवी हवी होती.

*

कार्यक्रमाआधी आठ दिवस मी लोणचं, ताक, आइस्क्रीम सगळं बंद करते. मावशी ठेचा-भाकरी खाऊन थेट स्टेजवर. एकदा विचारलं, "मावशी, आवाजाचं काय?"

"आवाज कोठे शे मना?" त्या अहिराणीत म्हणाल्या, माझा आवाज आहेच कुठे, आणि पाच मिनिटांत पहिली रांग डोळे पुसत होती.

*

एकदा मी कडवं विसरले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "रियाज कमी पडतोय का?" पुढच्याच आठवड्यात मावशी विसरल्या आणि नुसत्या गुणगुणत राहिल्या. त्याच बाई मला कोपरानं ढोसून म्हणतात, "काय जागा घेतली!"

*

हे कबूलच करते. मावशी काळी दोनच्या पट्टीत गातात. एकदा पेटीवर मी होते, मुद्दाम त्याहून चढी, पांढरी चार धरली. वरच्या 'सा'ला त्यांचा आवाज फुटला. मला वाटलं, झालं काम. तर शेजारची टाळवाली हुंदके द्यायला लागली, ताल सुटला.

नंतर मावशी म्हणाल्या, "आज पेटी छान वाजवलीस गं."

*

माझ्या गाण्याला नवरा तीस वर्षं डुलक्या काढतोय. मावशींची भैरवी मात्र त्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केली, गाडीत तीच लावतो. मध्येच मावशी खोकतात. म्हटलं, "तेवढं तरी एडिट कर."

"नको," म्हणाला. "तिथंच तर गलबलून येतं."

*

यंदा मावशींचा आवाज पूर्ण गेला. डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केली. मावशींनीच खुणेनं मला पुढे केलं. अखेर भैरवी माझी!

त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी डोळे मिटून गायले, अगदी मनापासून. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. शेवटच्या ओळीला समोरून हुंदके ऐकू आले. माझ्या गाण्याला, पहिल्यांदाच. मी डोळे उघडले.

सगळ्यांची तोंडं मावशींकडे होती. त्या नुसते ओठ हलवत होत्या.