कावडीच्या दांडीचं धनुष्य

आमच्या घराला एकच मान होता. दसऱ्याला देवीची पालखी गावाच्या शिवेवर जायची, तिथे रोवलेल्या केळीच्या खांबाला बाण मारायचे, आणि त्यासाठी दरवर्षी नवं धनुष्य आमच्या घरातून जायचं. हिंडलग्याच्या पलीकडचं गाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. एरवी नांगर, चौकटी, नाहीतर लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मोडक्या खुर्च्या. धनुष्याला मात्र अंघोळ केल्याशिवाय हात लावत नसत. त्यांना मुलगा नव्हता. मी होते, आणि मी लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी परतलेली. देवीच्या वस्तूला माझी सावलीसुद्धा चालत नसे.

त्या वर्षी श्रावणात आप्पांची उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड. जीभ इतकी जड झाली की ते काय म्हणतात ते मलाच तेवढं कळे. माझा चुलतभाऊ दिवसातून दोनदा समाचाराला यायचा. विचारायचा आप्पांना आणि बघायचा धनुष्यासाठी माळ्यावर वाळत ठेवलेल्या धामणीच्या लाकडाकडे.

"आक्का, मान औंदा आमच्याकडं येऊ दे की. आप्पास्नी कशाला तरास?"

माझं डोकं फिरलं. "धनुष्य कवाच तयार हाय," मी म्हटलं. "आजारी पडायच्या आदीच आप्पांनी करून ठेवलंय. दसऱ्याला बघ."

तो गेला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आप्पा खाटेवर रडत होते. मान गेला तर हा माणूस दिवाळी बघणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी माळ्यावरून लाकूड खाली काढलं, दाराला कडी घातली. आप्पांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हातानं तासायचा वाकस दाखवला.

वीस वर्षं मी हे काम बघितलं होतं, पण बघणं निराळं. मधे मूठ जाड ठेवायची, दोन्ही बाजू टोकाकडे निमुळत्या करत जायच्या. दोर लावून भिंतीतल्या खुंटीला अडकवायचं, हळूहळू ओढायचं आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं. जी ताठ राहील ती काचेच्या तुकड्यानं खरवडायची. शेवटी टोकं वाफेवर मऊ करून उलटी, पुढच्या अंगाला वळवायची आणि ठोकळ्याला बांधून गार होऊ द्यायची. वाफेला अर्धा दिवस लागतो. मला तेवढा धीर कुठला? दार बंद का म्हणून शेजारीण दोनदा विचारून गेली होती. मी टोकं सरळ निखाऱ्यावर धरली. जराशी काळी पडली, ती खरवडून टाकली. आप्पांना सांगितलं नाही.

खंडेनवमीला सकाळी आप्पांनी डाव्या हातानं हत्यारांची पूजा केली. वाकस, पटाशी, रंधा, कानस, सगळं पाटावर, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत उचलायचं नसतं. मग त्यांनी खुणेनं सांगितलं, दोर चढवून दाखव. मी गुडघा लावून धनुष्य वाकवलं. काळ्या पडलेल्या जागी ते कडकन मोडलं.

घरात धामणीचं दुसरं वाळलेलं लाकूड नव्हतं. ओल्याचं धनुष्य होत नाही. मी भिंतीशी डोकं टेकून बसले आणि देवीला नाही नाही ते बोलले. समोर कोपऱ्यात पाण्याची कावड होती. तिची दांडी धामणीचीच, माझ्या खांद्यावर दहा वर्षं वाळलेली. मी घागरी सोडवल्या आणि पाटावरचा वाकस उचलला. फुलं खाली पडली.

"ठेव," आप्पा ओरडले. "पाप हाय. ठेव ते."

"पाप माझं," मी म्हटलं. "तुमी तिकडं तोंड करा."

त्यांनी खरंच भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दुपारभर तासत होते. तळहातांना फोड आले, फुटले. दिवस कलता कलता खुंटीला लावून ओढलं तर खालची बाजू कमानीसारखी आणि वरची काठीसारखी. मी चुकीच्या बाजूला वाकस लावला तसा खाटेवरून आवाज आला, "वरनं. वरनं काढ." ते कधी वळून बघायला लागले होते कोण जाणे. तिथून पुढे ते बोट दाखवत गेले आणि मी खरवडत गेले. दसऱ्याला सकाळी टोकं वाफेवर धरली, या वेळी पुरता अर्धा दिवस. दोर चढवताना मी डोळे मिटून घेतले होते. मोडलं नाही.

धनुष्य न्यायला चुलतभाऊच आला. त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं, पण खोड काढायला जागा नव्हती. बायकांच्या घोळक्यात लांब उभं राहून मी बघितलं, बाण केळीत मुठीएवढा रुतला.

संध्याकाळी सोनं द्यायला सगळा गाव घरी आला. पाटील म्हणाले, "आप्पा, काय हात हाय तुमचा! असलं धनुष्य बघितलं न्हवतं."

आप्पांनी डावा हात वर केला आणि माझ्याकडे दाखवलं. "म्या न्हाय. हिनं केलं." श्रावणापासून इतकं स्पष्ट ते एकदाही बोलले नव्हते. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

चुलतभाऊ माझ्या हातांकडे बघायला लागला. मी हात पदराखाली घेतले. विधवेनं, पूजेतलं हत्यार उचलून केलेलं धनुष्य देवीपुढे गेलं म्हटल्यावर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. मी हसले. "भरमतात हो आजारपणानं. काल मला आई म्हणून हाक मारत हुते."

लोक चुकचुकले. "हिनं केलं," आप्पा पुन्हा म्हणाले. पाटील त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "व्हय व्हय, हिनंच केलं," लहान पोराची समजूत घालावी तसं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

त्या दिवसापासून लोक त्यांच्यासमोर ते नसल्यासारखं बोलायला लागले. ते माघापर्यंत जगले. बोलता येत होतं, पण एक शब्द बोलले नाहीत, माझ्याशीसुद्धा. पाणी हवं असलं की डाव्या हातानं तांब्या वाजवत, आणि मी धावत जायची.