हात लावू नये

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते आणि खामगावात जो तो कशाचं ना कशाचं उद्घाटन करत सुटला होता. आमच्या वाचनालयाच्या मंडळींनाही काहीतरी करायचं होतं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मी सुचवलं, निषेधाच्या चित्रांचा इतिहास दाखवू; पण नुसत्या तसबिरी टांगून नाही, माणूस त्या इतिहासातून चालत गेला पाहिजे. अध्यक्षांनी लगेच मान डोलावली. न कळता मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पावसाळ्यात बंद असलेल्या एका जिनिंग कारखान्याचं कापसाचं गोदाम मिळालं. तरटं बांधून मी आत वाकून जावं लागेल असा अंधारा बोळ केला. दोन्ही बाजूंना कोळशाने लिहिलेल्या जुन्या घोषणा, गेरूची चित्रं, चोरून चिकटवायचे तसले कागद, मोर्चातले कापडी फलक. वरच्या फळ्यांवरून चौकीदार जाड बूट घालून फिरणार होता, म्हणजे खालच्याला पोलीस आल्याची धास्ती वाटावी. तर हा गृहस्थ वरून वाकून ओळखीच्या प्रत्येकाला पाऊसपाण्याची खबर विचारायला लागला. मी कपाळावर हात मारून घेतला.

बोळाच्या टोकाला, एकाच कंदिलाच्या उजेडात, खरा ऐवज होता. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका चाचांनी इंग्रजांच्या काळात रंगवलेलं कापड. जिनिंगच्या फाटकात धरणं धरून बसलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या पुढे पदर खोचलेली एक. ती चाचांची बहीण. पुढे लवकरच ती तापाने गेली. तिचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. तिचा चेहरा उरला होता तो या कापडावरच. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं रजईच्या आत शिवून ठेवलं होतं. देताना त्यांनी एकच अट घातली.

"बाई, कोनाचा हात नाही लागला पाह्यजे."

मी शब्द दिला.

उद्घाटनाला अध्यक्षांनी नेमका त्या कापडापुढे नारळ फोडला. झालं! अंधार, कंदील, समोर बाईमाणूस आणि वर नारळ. पाठोपाठ कोणीतरी हळदकुंकू वाहिलं, आणि मग रीतच पडली. मी घसा फोडून सांगत होते की ही देवी नाही, संपावर बसलेली बाई आहे. एक म्हातारी समजूतदारपणे मान डोलावत "हाव" म्हणाली आणि कुंकू लावून पुढे गेली. मी "हात लावू नये" अशी पाटी टांगली. दुसऱ्या दिवशी पाहते तर अध्यक्षांनी मोठ्या हौसेने तिच्याखाली "चपला बाहेर काढाव्यात" असं लिहवून घेतलेलं! आता लोक अनवाणी येत, पाटी वाचत आणि भक्तिभावाने एकच बोट लावत. तेही चेहऱ्यालाच. दोरी बांधली तर दोरीला हार लटकले. कापड उतरवते म्हटलं तर अध्यक्ष म्हणाले, मुंबईचे पाहुणे येणार आहेत, आणि शिवाय लोकांची भावना आहे. भिंतीवर डोकं आपटावं असं मला वाटत होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी चाचा आले. दारातल्या स्वयंसेवकाने त्यांनाही चपला काढायला लावल्या. ते गुपचूप रांगेत उभे राहिले आणि पुढे पोचल्यावर त्यांनी मला कंदील वर धरायला सांगितला. चेहऱ्याच्या जागी हळदकुंकवाचा वाळलेला थर होता. मी पदराचं टोक ओलं करून पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. रंग पाण्यातले होते, पुसायला गेलं तर तेही निघून आले असते.

मला रागाने रडू फुटलं. या लोकांना किती सांगितलं, यांना अक्कल कशी ती नाहीच, असं काहीबाही मी बोलत सुटले. चाचा मागच्या रांगेकडे पाहत होते.

"कुंकवाचं काही नाही, बाई," ते म्हणाले. "ती फाटकात बसली, तवा तिच्या बाजूले बसा म्हनून मी घरोघर फिरलो. कोनी नाही आलं. एकटीच बसली होती ती. या बाकीच्या बाया म्या मनानंच काढल्या."

मी अध्यक्षांना न विचारता कापड उतरवलं. चाचांनी ते चेहरा आत येईल असं दुमडलं, काखेत धरलं आणि बोळातून वाकून निघून गेले. वरून चौकीदाराने त्यांनाही पाऊसपाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे पाहुणे बूट घालूनच आत आले, तेव्हा कंदिलामागे नुसती चुन्याची भिंत आणि दोन खिळे होते. रांग मात्र होतीच. खिळ्यांच्या मधोमध भिंतीला ताजं कुंकू लागलं होतं. हे काय आहे, असं पाहुण्यांनी विचारलं. अध्यक्ष माझ्या तोंडाकडे पाहायला लागले.

"एक बाई एकटी बसली होती, तिची जागा आहे," मी म्हटलं.

पाहुण्यांनी खाली वाकून बूट काढले.