शेवटच्या जिल्ह्याचे मामा

आमच्या गोदामातल्या मामांचा जिल्हा राज्याच्या क्रमवारीत दरवर्षी तळाशी असतो. शिक्षण असो, रस्ते असोत की स्वच्छता. यादी वर्तमानपत्रात आली की मुकादम ती जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायचा आणि शेवटच्या नावाशी येऊन मामांकडे बघायचा.

"मामा, तुमच्याकडे म्हणे कुलूप आतून लावतात आणि किल्ली बाहेर ठेवतात?"

"चोराचीही सोय बघावी लागते, बाबा," मामाच उत्तर देत. आपण आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी टोचतं, असा त्यांचा अनुभव.

शीतगृहाचा एक नियम आहे. एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर दार धरून उभं राहायचं. मामा तो कसोशीने पाळत. एकदा त्यांनी जोडीदार मागितला तेव्हा मुकादम म्हणाला, "एका दाराला दोन माणसं? अहो, म्हणून तर तुमचा जिल्हा मागे राहिला!" सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून मामांनी जोडीदार मागणं सोडलं. दारात एक पेटी अडकवून ते एकटेच आत जाऊ लागले.

एका दुपारी ते गोठवलेल्या वाटाण्याच्या पेट्या रचत असताना दारातली पेटी सरकली आणि दार लागलं. आतून उघडायचा दांडा बर्फाने घट्ट धरला होता. मामांनी खांदा लावला, लाथा मारल्या. दार ढिम्म हललं नाही.

शेजारीच धोक्याच्या घंटेचं लाल बटण होतं. मामांनी बोट नेलं आणि मागे घेतलं.

"साहेब, जिवाची भीती होतीच," ते नंतर माझ्या हिशेबाच्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "पण घंटा वाजली की सगळे धावत येणार, आणि आत अडकलेला कोण? तर मी! जन्मभर पुरलं असतं त्यांना."

म्हणून पंख्यांच्या घोंघाटात ते पेटीच्या पत्र्याच्या पट्टीने बर्फ खरवडत राहिले. पट्टी हातातून पडली तेही त्यांना कळलं नाही. अंग थरथरत होतं तोवर त्यांना धीर होता. मग थरथर थांबली, डोळे जड झाले आणि जरा खाली बसावंसं वाटलं. तिथे त्यांच्या काळजाचं पाणी झालं. बसलो तर उठणार नाही, हे त्यांना कळलं. बोटं वळेनात, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबलं आणि अंगाचा भार टाकून दाबूनच धरलं.

दार मुकादमाने उघडलं. मामांना बाहेर ओढताना त्याचाच चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मामा बरे होऊन कामावर आले, तोवर सगळ्यांची जीभ पुन्हा सैल झाली होती. "काय मामा, किल्ली बाहेरच राहिली का?" मामाही हसले.

मग ते पेट्यांची ढकलगाडी घेऊन शीतगृहाच्या दाराशी गेले आणि तिथेच थांबले.

"मुकादम, बाहेर माणूस द्या."

"अजून घाबरता होय?"

"हो. फार."

"अहो, दोन मिनिटांचं काम!"

मामा जागचे हलले नाहीत. मागून कोणीतरी खुदकन हसलं. पेट्यांवरचा बर्फ वितळून जमिनीवर थेंब पडू लागले, तसा मुकादम पुटपुटत उठला आणि दारापाशी येऊन उभा राहिला.

मामांनी एक पाय आत टाकला, पुन्हा बाहेर घेतला.

"नुसते उभे राहू नका," ते म्हणाले. "दार धरा."