स्वच्छ पाण्यासाठी टाळ्या

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास माझी थोरली बहीण जुनवानीतल्या एका भाड्याच्या सभागृहात मिठाच्या पाण्याचा अकरावा ग्लास पिऊन खाली पडली. ती चोपन्न वर्षांची आहे. त्या वेळी सभागृहात तिच्याखेरीज एकवीस शिबिरार्थी होते. बहुतेक योगशिक्षक, काही मसाज करणारे, दोन आहारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट. पुढची चार मिनिटं त्यांच्यापैकी कोणीही तिला हात लावला नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चार मिनिटं हा माझा अंदाज नाही. शिबिराच्या एका स्वयंसेविकेनं मोबाइलवर चित्रण केलं होतं, त्यात तेवढा वेळ मोजता येतो. मी मागच्या अंगणात पाणी तापवायच्या भगोण्याजवळ वही घेऊन बसलो होतो. टाळ्या मी ऐकल्या होत्या. कुणाचं तरी पाणी स्वच्छ झालं असेल, असं समजून मी लिहीत राहिलो.

मी तिथे कशाला होतो, तेही सांगायला हवं. सव्वीस वर्षं मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. निवृत्त झाल्यावर घरच्यांना वाटतं, या माणसाला लिहायला काहीतरी द्यावं. ताईनं आयोजकांना सांगून मला शिबिराचं पत्रक लिहायला दिलं आणि नंतर वृत्तान्तही माझ्याकडेच सोपवला. शिबिर होतं इतरांचं आरोग्य सांभाळणाऱ्यांसाठी. मन, शरीर आणि आत्मा यांचा विकास, तीन दिवस, निवासी. पत्रकावर मोठ्या अक्षरात एक ओळ होती: 'दवा कम, दम ज़्यादा'. असल्या ओळी मी नोकरीत बातम्यांतून रोज कापत असे. ही ओळ मी लिहिली होती.

ताई एकोणीस वर्षं योग शिकवते. सिविक सेंटरच्या जवळच्या एका बगिच्यात तिचा सकाळचा वर्ग भरतो. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले लोक, त्यांच्या बायका, बँकेतल्या दोघी. वर्गाच्या शेवटी ती एक वाक्य नेहमी म्हणायची. 'मैंने आज तक एक गोली नहीं खाई.' सुरुवातीला ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. वाक्य तिनं बदललं नाही. गोळ्या ती अश्वगंधा चूर्णाच्या डब्यात ठेवायची. घरात हे मला आणि भाऊजींना माहीत होतं. भाऊजी या विषयावर बोलत नसत, मीही बोलत नव्हतो.

हे शिबिर पूर्ण करणाऱ्याला इतर योगशिक्षक घडवण्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं. ताईला ते हवं होतं. तिच्याच हाताखाली शिकलेल्या पोरी आता भिंतभर प्रमाणपत्रं लावून वर्ग चालवत होत्या आणि तिच्या वर्गातली माणसं तिकडे वळत होती.

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या कुरुदच्या घरी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फॉर्म भरत होती. 'सध्या कोणता आजार किंवा औषध चालू आहे?' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'नाही'.

"हे काय लिहिलं ताई?"

"काय लिहिलं? दिसून नाही राहिलं का तुले?"

"अन् गोळी?"

"मग काय बीपी लिहू? उद्या साऱ्या ग्रुपवर फिरन, मॅडमलेच बीपी आहे म्हणून. तू पेपरवाला आहेस, तुले तर समजाले पाहिजे."

"रविवारी शंखप्रक्षालन आहे. खारं पाणी. बीपीवाल्याले देऊ नये, हे तूच शिकोतेस ना?"

"शिकोते म्हणूनच मले समजते, कुठं थांबाचं ते. दोन-चार ग्लास घेईन अन् सोडून देईन."

"गोळी तरी नेशील?"

"तिथं गोळी काढू? साऱ्यांच्या पुढं? पागल झाला का रे तू?" ती हसली. "तीन दिवसांनं काय मरून नाही राहिली मी. तू आपलं लिही. अन् माझ्या नावापुढं 'वरिष्ठ' टाकजो, विसरू नको."

मी फॉर्म तिच्या हातात परत दिला. आयोजकांना फोन करता आला असता, पण तो मी केला नाही.

शिबिराचे मार्गदर्शक बाहेरच्या राज्यातून आले होते. चाळिशीतले, पांढरा कुर्ता, कानाला लावलेला माइक. सगळे त्यांना 'सर' म्हणत. त्यांचं मुख्य सांगणं असं होतं, की जो स्वतः भरलेला आहे तो दुसऱ्याला रिकामं करू शकत नाही. शुक्रवारी दिवसभर त्यांनी लोकांना जोडीजोडीनं समोरासमोर बसवून रडायला लावलं. रडायला वीस मिनिटं होती. विसाव्या मिनिटाला घंटा वाजली आणि बहुतेक जण थांबले. एक मसाज करणारे गृहस्थ थांबेनात, तेव्हा त्यांना बाहेर नेऊन चहा दिला.

शनिवारी सकाळी कुंजल झालं. कोमट मिठाचं पाणी पोटभर प्यायचं आणि दोन बोटं घशात घालून ओकायचं. माझ्या वहीत नोंद आहे: 'सात दहा. बावीस जण, एक नाली.' सभागृहाच्या कुंपणाला लागून उघडी नाली होती. बावीस माणसं तिच्यावर ओळीनं वाकली होती. सर मागून फिरत होते आणि माइकवर म्हणत होते, "और अंदर से... मां का गुस्सा... बाप का गुस्सा... निकालो." रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती. ती थोडा वेळ बघत उभी राहिली, मग कपडे तसेच टाकून आत गेली. एक कुत्रं आलं, नालीकाठचं हुंगलं आणि निघून गेलं. मला त्या दिवशी दुपारी जेवता आलं नाही. आहारतज्ज्ञ बाई माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "भैया, आपको भी ज़रूरत है."

त्या दिवशी मी ताईला बाजूला गाठलं. तिचे डोळे लाल होते.

"डोकं दुखून राहिलं ना?"

"कावून दुखन? हलकं वाटून राहिलं." तिनं कपाळ चोळलं. "तू असा तोंड वाकडं करून नको बसू. लोक पाहून राहिले."

रविवारी शंखप्रक्षालन. दोन ग्लास खारं पाणी, पाच आसनं, पुन्हा दोन ग्लास, पुन्हा आसनं, असं शौचातून नुसतं पाणी बाहेर येईपर्यंत. योगात ही क्रिया जुनी आहे आणि ती कुणी करू नये हेही तितकंच जुनं आहे. त्या सभागृहातल्या निम्म्या माणसांनी ते आपापल्या वर्गात सांगितलेलं असणार. सरांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. भिंतीवर एक तक्ता लावला होता, त्यावर बावीस नावं आणि तीन रकाने: पिवळं, गढूळ, स्वच्छ. शौचालयं तीन होती. बाहेर आलेल्या प्रत्येकानं सगळ्यांसमोर आपला रंग सांगायचा, आणि 'स्वच्छ' म्हटलं की टाळ्या. लोक दाराशी रांगेत पोटं धरून उभे होते आणि आतून आवाज येत होते. फिनेल, अगरबत्ती आणि विष्ठा यांचा एकत्र वास सभागृहभर होता. पांढऱ्या कपड्यांतल्या एका तरुण योगशिक्षिकेला पोहोचायला उशीर झाला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सर म्हणाले, "शर्म भी कचरा है." त्यावरही टाळ्या झाल्या. मी उठून मागच्या अंगणात गेलो, तो तेव्हा.

ताईनं चार ग्लासांवर थांबायचं ठरवलं होतं. चित्रणात दिसतं, की आठव्या ग्लासानंतरही तिच्या नावासमोर 'गढूळ' होतं आणि तिच्या दोन जुन्या विद्यार्थिनींच्या नावांसमोर 'स्वच्छ'. नववा आणि दहावा तिनं लागोपाठ घेतला. अकराव्यानंतर ती कटिचक्रासनासाठी वळली, तिचा उजवा हात उचललाच गेला नाही, आणि ती गुडघ्यांवर व तिथून कुशीवर आली. फिजिओथेरपिस्ट बाई दोन पावलं पुढे आल्या. सर म्हणाले, "कोई मत छूना. रिलीज़ हो रहा है." बाई थांबल्या. मग टाळ्या.

चौथ्या मिनिटाला ताईच्या तोंडातून लाळ जमिनीवर आली, तेव्हा बाई पुन्हा पुढे झाल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्या नावानं हाक मारली. गाडी एका मसाज करणाऱ्याची होती. दवाखान्यात आम्ही नऊ वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. बरोबर फिजिओथेरपिस्ट बाई होत्या आणि तक्त्यावर 'स्वच्छ' ठरलेल्या ताईच्या दोन विद्यार्थिनी.

वरचा रक्तदाब दोनशे दहा होता. ताई शुद्धीवर होती, तोंड उजवीकडे उतरलेलं. तरुण डॉक्टर वाकून विचारत होते.

"बीपी की दवा चलती है आपकी?"

ताईनं दोन्ही विद्यार्थिनींकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"कभी भी नहीं?"

पुन्हा नाही.

"चार साल से चलती है," मी म्हणालो. "गुरुवार के बाद नहीं ली." मी गोळीचं नाव आणि मात्रा सांगितली. विद्यार्थिनींपैकी एक म्हणाली, "मॅडम?" ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ते वाक्य बोलायला मला गुरुवारपासून रविवारपर्यंतचा वेळ लागला होता.

मेंदूच्या डाव्या बाजूला लहान रक्तस्राव झाला होता. त्यात सोडलेल्या गोळीचा वाटा किती आणि मिठाच्या पाण्याचा किती, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही मिळून पुरेसं होतं.

शिबिर थांबलं नाही. दुपारी तूप घातलेली खिचडी झाली आणि संध्याकाळी समारोप. शिबिराच्या ग्रुपवर सरांचा संदेश आला, की एका साधिकेच्या शरीरानं फार जुनं ओझं सोडलं आहे, तिच्यासाठी सर्वांनी प्रकाश पाठवावा. खाली एकोणीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. चार दिवसांनी ताईचं प्रमाणपत्र घरी आलं. तिच्या नावापुढे 'वरिष्ठ' होतं, कारण प्रमाणपत्रांसाठी नावांची यादी मीच तशी दिली होती.

वृत्तान्त लिहिण्यासाठी म्हणून फॉर्मची फाइल माझ्याकडेच राहिली होती. ती मी उघडली. आजार आणि औषध या रकान्यात बावीसही जणांनी 'नाही' लिहिलं होतं. बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे. दुसऱ्यांना तपासणं ज्यांचं काम, अशा बावीस माणसांमध्ये एकाचंही पित्त वाढलेलं नव्हतं, कुणाला थायरॉइड नव्हता, कुणाचा गुडघाही दुखत नव्हता. मी सगळ्यांना फोन केले. तेरा जण बोलले. आठ जणांनी, कुठे सांगणार नाही असं वचन घेऊन, रोजच्या गोळ्या मान्य केल्या. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तसं वचन मागितलं नाही. त्यांना मधुमेह आहे. त्यांनी तीन दिवस औषध घेतलं नव्हतं. "मले त्या दिवशी स्वतःलेच चक्कर येऊन राहिली होती," त्या म्हणाल्या. त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. "पण कसं सांगणार जी? आपलं शरीर हीच तर आपली पाटी आहे." सरांनी माझा फोन तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाले, की फॉर्मवर साधिकेची सही आहे.

ते खरं होतं. सही होती. फॉर्म भरताना मी समोर उभा होतो.

पाच आठवडे ताई माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा जीभ अजून जड होती. "त्या पोरींपुढं सांगाची काय गरज होती तुले? कानात नाही सांगता आलं?"

"कानात सांगितलं असतं तर तू पुन्हा नाही म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं." बराच वेळ ती उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं उघडत राहिली. "मग आता माझा वर्ग कोण घेईन? तू घेशील का, दम ज़्यादावाला?"

वर्ग तिनंच घेतला, मे महिन्यात. भाऊजींनी बगिच्यात प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. ती बसून सूचना देत होती, आसनं तिची जुनी विद्यार्थिनी करून दाखवत होती. सुरुवातीलाच तिनं सांगितलं की तिला चार वर्षांपासून रक्तदाब आहे, आता दोन गोळ्या चालू आहेत, आणि आधी ती जे सांगायची ते खोटं होतं. मग तिनं प्रत्येकाला आपापली औषधं सांगायला सांगितलं. लोक आपापल्या चटया सरळ करू लागले. प्लांटमधले एक निवृत्त फोरमन हळूच म्हणाले, "मॅडम, ये सब छोड़ो, शुरू करो."

त्या सोमवारी बगिच्यात सव्वीस जण आले होते. पुढच्या सोमवारी नऊ आले.