चाळणीत अडकलेली नदी

“घर पसंत कुणी केलं? तूच ना!” नवऱ्याने टेम्पोच्या फळीवर हात आपटला. “नकाशा काढून दाखवलास, पाणी इथवर येत नाही म्हणालीस. आता सामान चढल्यावर नाट लावतेस?”

“नकाशा मीच दाखवला,” ती म्हणाली. “तोच चुकलाय.”

फुटपाथवर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. गुडघ्यांपायी कित्येक महिने त्या तिसऱ्या मजल्यावरून उतरल्या नव्हत्या. आज हमालांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं होतं. नदीकाठच्या नव्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडत होतं. रोज आपल्या पायांनी बाहेर पडायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

“आमच्या वेधशाळेला भाजीत मीठ किती पडलं ते कळत नाही,” त्या सुनेकडे बोट दाखवत हमालांना म्हणाल्या, “पण देशाचं आभाळ कळतं हो!”

हमाल हसले. ती हसली नाही.

हवामान खात्याच्या संगणक विभागात तिचे केस पांढरे झाले होते. देशभरातल्या यंत्रांकडून पावसाचे, वाऱ्याचे, नद्यांच्या पातळीचे आकडे येत, ते तिच्या प्रणालीतून गाळून पुढे जात आणि मग मोठा संगणक अंदाज बांधी. यंत्रं खोटंही बोलतात. कुठे कोळी जाळं विणतो, कुठे काटकी अडकते. म्हणून तिने चाळणी बांधली होती. पाणी एकदम फार चढलेलं दिसलं, की आकडा बाद, यंत्रावर ‘सदोष’ असा शिक्का आणि आकड्याच्या जागी जुन्या वर्षांची सरासरी. खोट्या घंटा थांबल्या. साहेबांनी पाठ थोपटली. पाणी कुठवर येतं याचे नकाशेही याच गाळलेल्या आकड्यांवरून निघाले.

काल तिने बाद आकड्यांची रास उपसली. गेल्या पावसाळ्यात या नदीवरची यंत्रं ‘सदोष’ ठरली होती, पण कशी? आधी डोंगरातलं, मग पायथ्याचं, मग त्याच्याही खालचं. बिघाड काही उतारावरून चालत येत नाही. पाणी येतं. तेव्हा काठावर झुडपांखेरीज काही नव्हतं, म्हणून कुणी बोंब मारली नाही. घरं यंदा झाली.

रात्री सांगायचं तिच्या जिवावर आलं. सासूबाई पिशवी भरत होत्या, मध्येच काहीतरी गुणगुणत होत्या.

आणि आज सकाळी डोंगरातलं यंत्र पुन्हा ‘सदोष’. तिने साहेबांना फोन लावला.

“उद्या माणूस पाठवतो बघायला,” ते म्हणाले. “अशा उन्हात पुराची सूचना काढली तर लोक जोड्याने मारतील आपल्याला.”

इथे ऊन खरंच लख्ख होतं; पाऊस असेल तो वर डोंगरात. वारा साफ पडला होता. समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

“पुरावा काय आहे तुझ्याकडे?” नवऱ्याने विचारलं.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि तसाच त्याच्यापुढे धरला. पायथ्याचं यंत्र. सदोष.

“बिघडलं असेल,” तो म्हणाला. पण फळीवरचा हात त्याने काढून घेतला.

सासूबाईंनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. पिशवी छातीशी धरली. “म्हणजे मला परत वर नेणार?”

“हो, आई,” ती म्हणाली.

“पुन्हा त्या खिडकीत बसायला?”

ती हमालांकडे वळली.

“आधी आईंना वर न्या, मग सामान. नदीकाठी आपल्यातलं कुणी जाणार नाही. मी चाळणी बंद करायला ऑफिसात चाललेय. सूचना निघाल्याशिवाय घरी येणार नाही.”