पाकोळीची अक्षरं : मिरज ते बामणोली, दोन दिवस

बामणोलीहून बोटवाल्या सुभेदारकाकांचा तिसरा फोन आला, तेव्हा ठरवलं की आता जाऊनच यायचं.

"ताई, नंबरातला सात गेला, नावातला पा गेला. 'पाकोळी'ची 'कोळी' झाली, समदे हसत्यात. त्ये जाऊ द्या, पण नंबर दिसत न्हाई त्या बोटीत माणसं बसवायची न्हाईत, असा धक्क्यावर नियम हाय. चार दिवस झालं, बोट उभी हाय."

मिरजेत माझं आणि नसीमाआपाचं रेडियमचं छोटं दुकान आहे. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरवरची नावं, नंबर, देवांची नावं. अक्षर चमको वा न चमको, आमच्याकडे त्या चिकटणाऱ्या अक्षरांना रेडियमच म्हणतात. आपा संगणकावर अक्षरं कापते, मी चिकटवते. 'पाकोळी' ही आमची पहिलीच बोट. महिन्यापूर्वी मी एकटीच जाऊन ती अक्षरं लावून आले होते, आणि अशी घाई होती की धरणाचं पाणी धड बघितलंसुद्धा नव्हतं. पहिल्या फोनलाच मी काकांना सांगून टाकलं होतं, "कुणीतरी काथ्यानं घासत असणार. रेडियम असं निघत नाही."

थंडीचे दिवस. सकाळी सहाला व्हॅन काढली. मागे अक्षरांची गुंडाळी, गरम हवा फेकणारी हीटगन, प्लास्टिकच्या पट्ट्या, चिंध्या आणि आपाच्या घरचा डबा. सांगली, माधवनगर, पलूस असा रस्ता धरला. पेठनाक्याकडून गेलं तर महामार्ग लवकर लागतो, पण आम्हाला कुंडलला एक काम होतं. या बाजूला जाणार असाल तर एक सांगते: उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे रांगत जावं लागतं. तासभर जास्तीचा धरूनच निघा.

कुंडलला एका ट्रकवरची जुनी नावं काढायची होती. पाच उन्हाळे खाल्लेलं रेडियम. नख लावलं की पापुद्रा निघायच्या ऐवजी चुरा पडायचा.

"सुरीनं खरवडू का?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"रंग जाईल गड्या," आपा म्हणाली. "थांब, ऊब दे त्याला."

हीटगन वीतभर लांब धरायची, अक्षर मऊ झालं की कोपरा उचलायचा आणि जवळजवळ आडवं धरून हळू ओढायचं. सरळ बाहेर ओढलं की तुटतं. खाली राहिलेला गोंद रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा, मग साबणाचं पाणी, कारण रॉकेलचा तवंग राहिला तर नवं अक्षर धरत नाही. दीड तास गेला. नाव निघालं, पण त्याच्या जागी ट्रकचा मूळ तांबडा रंग तसाच ताजा राहिला होता, बाकी सगळा ट्रक उन्हानं फिकटलेला. त्यामुळे नाव काढूनही वाचता येत होतं. ट्रकवाला हसला, "बाचं नाव हाय. ऱ्हाऊ दे तेवढं."

कराडला चहा, मग साताऱ्यापर्यंत सरळ महामार्ग. साताऱ्यात पेट्रोल भरून घ्या, पुढे मला पंप दिसला नाही. यवतेश्वरचा घाट चढलात की हवा बदलते. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम कधीच सरला होता. पिवळं, वाळलेलं गवत आणि वारा, बस. गर्दी नको असेल तर हेच दिवस चांगले. व्हॅन कडेला लावून आम्ही चपाती आणि खिमा खाल्ला. तिथून बामणोलीपर्यंत उतार, आणि एका वळणावर अचानक सगळं पाणी समोर येतं. आपानं मला गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं बघत बसली.

बामणोलीत धक्क्यापासून थोड्या अंतरावर सुभेदारकाकांचं घर. मुलगा फौजेत, सीमेवर कुठंतरी. काका बोट चालवतात, सून वैशाली तिकिटं बघते आणि रोज बोट धुते. 'पाकोळी' हे नावही तिनंच ठेवलेलं. घराला जोडून दोन खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्यानं देतात. जेवणासकट माणशी आठशे, आणि जेवण त्याहून मोठं.

चहा होताच आम्ही बोटीवर गेलो. ती काठावर ओढून ठेवली होती. लोंबणारा एक 'ळी' मी अलगद सोडवला आणि उलटा करून पाहिला. मागच्या गोंदावर निळ्या रंगाचा अख्खा पापुद्रा आला होता, त्यात बारीक बारीक फुगे. काथ्यानं घासलं असतं तर अक्षराच्या कडा झिजल्या असत्या. कडा नव्याकोऱ्या होत्या. अक्षरानं रंगाला घट्ट धरलं होतं, रंगानंच बोट सोडली होती. ओला रंग.

तेव्हा आठवलं. महिन्यापूर्वी काकांनी मला विचारलं होतं, "ताई, रंग परवाच दिलाय. चालंल न्हवं?" मला संध्याकाळी मिरजेत दुसरं काम होतं. मी म्हणाले होते, "चालेल." तेलरंगाला किमान तीन आठवडे वाळू द्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं.

मी 'ळी' आपाला दाखवला. तिनं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी जेवायला तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण होतं. वैशाली वाढत होती, पण सासऱ्याच्या ताटाकडे बघत नव्हती. काय हवं नको तेही विचारत नव्हती. ती आत गेल्यावर काका हळूच म्हणाले,

"सूनबाईला लय बोललो मी. तुमी म्हणला न्हवं फोनवर, घासत्यात म्हणून? बोट तीच धुती. धक्क्यावर, समद्यांम्होरं बोललो. आठ दिस झालं, माज्याशी बोलत न्हाई. बोट धुवायचीबी सोडली."

आपानं ताटाआडून माझा पाय दाबला. मी भाकरी मोडत राहिले.

खोलीत गेल्यावर आपा म्हणाली, "तू बोलणारेस का मी बोलू?"

"मी बोलते. सकाळी."

"आत्ता का नको?"

पहिलं मोठं काम हातचं जाईल, धक्क्यावरच्या बाकीच्या बोटी मिळणार नाहीत, हे माझ्या डोक्यात चाललं होतं आणि तिला ते कळत होतं. ती पाठ करून झोपली.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. वैशाली अंगणात भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"वैशाली, तुझ्या धुण्यानं अक्षरं गेली नाहीत. रंग ओला होता. काकांनी विचारलं होतं, मीच चालेल म्हणाले. आणि फोनवर न बघता बोलले."

तिनं हातातली कढई खाली ठेवली. मला वाटलं, ती रडेल किंवा चिडेल. ती शांतपणे म्हणाली,

"मला कशाला सांगताय? मला म्हाईतच हाय मी काय केलं न्हाई. मला बोलले ते धक्क्यावर. तुमीबी धक्क्यावर सांगा."

धुकं विरायला दहा वाजले. थंडीत, दमट पत्र्यावर गोंद धरत नाही, त्यामुळे ऊन लागेपर्यंत थांबणं भागच होतं. तोवर धक्क्यावर सात-आठ बोटवाले जमले होते. काका बोटीशी उभे. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. 'ळी' काकांच्या हातात दिला आणि मागचा निळा पापुद्रा दाखवला.

काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. "म्हंजी मी इचारलं तवाच चुकलं व्हतं."

"हो. माझं चुकलं."

काकांनी 'ळी' बोटीच्या काठावर ठेवला आणि आम्हाला कामाला जागा करून दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मग काम सुरू झालं. राहिलेली अक्षरं काढली, जागा बारीक पॉलिशपेपरनं घासली, स्पिरिटनं पुसली. वरचा पापुद्रा गेला तरी खालचा रंग महिन्याभरात दगडासारखा झाला होता. साबणाचं पाणी फवारून अक्षर ठेवायचं, मधून कडांकडे पट्टी फिरवत पाणी बाहेर काढायचं. नंबर पाण्याच्या रेघेच्या वर हातभर घेतला, कडांवर पारदर्शक वॉर्निशचा बारीक हात दिला. आपानं एकेक कड बोटानं तपासली. दुपारी एकला बोटीवर पुन्हा 'पाकोळी' झाली.

"दोन दिवस पाणी लावायचं नाही," मी सांगितलं. "मग नुसतं साबणाचं पाणी. घासायचं नाही, फवारा मारून कडा उचकटायच्या नाहीत."

काका म्हणाले, "तिसऱ्या दिशी मी धुतो."

मागून वैशालीचा आवाज आला. "मऊ फडकं घ्या. काथ्या नको."

काकांनी वळून बघितलं. धक्क्यावर कुणीतरी हसलं, मग काकाही हसले. वैशाली हसली नाही, पण तिकिटांचं पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारच्या पायरीवर येऊन बसली.

दुसऱ्या एकाही बोटीचं काम आम्हाला मिळालं नाही. येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले, यावेळी पेठनाक्याकडून आलो आणि उजेड असतानाच मिरजेत पोचलो. वाटेत आपा गाणं गुणगुणत होती. आठ-नऊ वर्षं एकत्र काम करतोय, ती गाते हे मला माहीत नव्हतं.

बामणोलीला जरूर जा. पाणी बघा, भाकरी खा, 'पाकोळी'त बसा. मी मात्र अजून त्या पाण्यावर गेलेली नाही. दोन्ही वेळा काठावरूनच परतले. या वेळी काकांनी "बसा की, फिरवून आणतो" म्हटलं होतं, पण बोटीला दोन दिवस पाणी लावायचं नव्हतं.

काल सकाळी एक टेम्पोवाला आला. हिरवा रंग अजून वास मारत होता. उद्या मुहूर्त, नाव आजच हवं. मी रंगाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी या."

"आवं, समोरचा लावून देतोय."

"देईल. पण अक्षरं निघाली की विचारायला इकडं येऊ नका."

तो गेला, समोरच्या दुकानात. आपानं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन चहा सांगितले.