मागचा बाक

विद्यापीठात बाईंना तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'मागचा बाक'. कामच तसं होतं त्यांचं. शिकवणाऱ्यांना शिकवायचं. कुठल्याही प्राध्यापकाच्या तासाला त्या गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसत, आणि त्या बसल्या की भल्याभल्यांच्या हातातला खडू मोडे. जे वाटलं ते त्याच दिवशी, तोंडावर, आडपडदा न ठेवता सांगायचं, हा त्यांचा नियम. "तुम्ही उत्तम बोललात. पण शिकलं कोण?" असं त्या शांतपणे विचारत आणि समोरच्याचा चहा गार होऊन जाई. सगळ्यांत जास्त राग त्यांना एका प्रश्नाचा. "समजलं का?" असं वर्गाला विचारणारा मास्तर त्यांच्या लेखी आळशी. मुलं काय, 'हो' म्हणून मोकळी होतात. त्यांना करायला लावा, बोलायला लावा, मग कळेल समजलं की नाही.

एका वर्गात मात्र त्या कधीच बसल्या नव्हत्या. नवऱ्याच्या. सर तिथेच पुलांची बांधणी शिकवत. लग्न झाल्या झाल्या दोघांत तह ठरला होता: बाईंनी सरांच्या तासात नाक खुपसायचं नाही, सरांनी बाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत. दोघांनी तो इमानेइतबारे पाळला. पण मागे एका सुट्टीत सरांनीच हात टेकले. "मुलं झोपतात गं हल्ली माझ्या तासाला," असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की बाईंनी जेवणाच्या टेबलावरच त्यांचा अभ्यासक्रम उसवायला घेतला. विषयांची गर्दी कमी केली. वाचून समजेल ते मुलांवर सोपवलं. आणि दर तासाची सुरुवात मागच्या तासाच्या उजळणीने करायची, ही तर खास बाईंची युक्ती.

"म्हणजे मी रोज मागेच जायचं?" सर कुरकुरले.

"अहो, करून तर बघा."

सरांनी केलं, आणि जादू झाली. विभागप्रमुखांनी भर बैठकीत सांगितलं, की मुलांना सगळ्यांत आवडतात ते सर, सगळ्यांत सोपा वाटतो तो त्यांचा विषय, आणि परीक्षेचे निकालही वर गेलेत. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. परक्यांना सुधारण्यात आयुष्य गेलं, घरचं माणूस सुधारलं याचं सुख काही वेगळंच होतं.

त्या सुखात बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघतो? बाल्कनीतली रोपं एकामागून एक कुजली, तेव्हा बाईंनी मातीला दोष दिला. पाणी सर घालत. नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादाने मला तोच किस्सा परत सांगितला गं. एकाच फोनवर, लगेच." बाई हसल्या. "मास्तर माणूस आहे तुझा भाऊ. उजळणी घेत असेल." नणंदही हसली, पण जरा उशिराने.

मग विभागप्रमुखांनी टूम काढली. सरांचा तास चित्रित करायचा आणि नव्या प्राध्यापकांना नमुना म्हणून दाखवायचा. "मॅडम, आधी तुम्ही एकदा बसून घ्या." तह मोडावा लागणार होता. सर मात्र खूश. "ये की. मला काय भीती?"

बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. सरांचा आवाज खणखणीत होता, अक्षर मोत्यासारखं. उजळणीला पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि घडाघडा बोलली. सरांनी फळ्यावर एक पूल काढला, त्याच्या खांबापाशी बारीकशी भेग काढली आणि एक विनोद केला. वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की वर्ग विनोद पुरा व्हायच्या आधीच हसला होता.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच काही लिहून घेत नव्हतं. प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, कुणाचं पुढचं प्रकरण, कुणाचं त्याच्याही पुढचं. सरांनी फळा पुसला, हात झटकले. "चला, आता नवा धडा." आणि त्यांनी तोच पूल काढला. तीच भेग. तोच विनोद. वर्ग पुन्हा हसला, अगदी वेळेवर.

तास संपल्यावर त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला जिन्यापाशी गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

मुलगी कावरीबावरी झाली. "आम्ही आलो तेव्हा सर सगळं शिकवायचे, मॅडम. मग हळूहळू... आता हाच धडा असतो. बाकीचा आम्ही आपापसांत वाटून घेतलाय, एकमेकांना शिकवतो. त्यांना कधी कळू दिलं नाही."

"आणि कुणाला सांगावंसं वाटलं नाही?"

"सर फार चांगले आहेत, मॅडम. त्यांना काढून टाकलं असतं तर?" तिने मान खाली घातली. "आणि तुम्ही घरातच असता ना. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

ती गेली. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आयुष्यभर लोकांच्या वर्गांत बसून त्यांनी झोपलेली मुलं टिपली, घाबरलेले मास्तर टिपले, आणि रोज जेवताना समोर बसलेला माणूस त्यांना दिसला नव्हता. भीतीपेक्षाही आधी त्यांना स्वतःची लाज वाटली. उद्या चित्रीकरण. म्हणजे जे सांगायचं ते आजच, तोंडावर.

वर्गात सर एकटेच होते.

"काय मग, मागचा बाक? निकाल काय?"

बोलायला लावा म्हणजे कळेल, असं सगळ्यांना शिकवणाऱ्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं. "पुढच्या तासाला काय घेणार आहात?"

सरांचा चेहरा खुलला. "पुढच्या तासाला? अगं, भलताच महत्त्वाचा धडा आहे. बस, दाखवतोच तुला."

त्यांनी खडू उचलला. बाई बसल्या. या वेळी पहिल्या बाकावर. फळ्यावर पूल उमटला. मग खांबापाशी ती भेग. मग विनोद. रिकाम्या वर्गात हसू आलं नाही, तसे सर थबकले, वळले, आणि काहीतरी हरवल्यासारखे रिकाम्या बाकांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा भेदरलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता.

"समजलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. "समजलं."